नेप्तालीची हॅट

कुएन्कात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दुकानात शिरताना नेप्ताली वाकला
तरी कपाळ चौकटीला लागलंच.
मावशी म्हणाली, "ये. तिला सवय आहे."

त्याला हवी होती बारीक काठाची,
डोक्याला चिकटून बसणारी,
"आणखी भर नको," म्हणाला.
सोमवारी लग्न, आणि नवरी
त्याच्या तिसऱ्या बटणापर्यंत.

झोइला मावशी स्टुलावर चढली.
उंच माथ्याची ठेवून पाहिली: धुराडं.
मग त्याच्या मनातली ठेवली:
खांबावर उपडी वाटी.
तो हसला नाही.
मी इस्त्रीकडे बघत राहिले.

मग वरच्या फळीवरची काढली,
दमट पहाटे बसून तीन महिने विणलेली,
माथा बुटका, काठ चार बोटं रुंद.
वाफेवर धरून पुढून जरा खाली ओढली.
"खांदे एवढे रुंद तुझे,
काठाने त्यांच्याशी बोलायला हवं.
आणि मान वर. पोक काढलेल्याला
बिशपची टोपीसुद्धा शोभत नाही."

आरशात त्याचा फक्त गळा दिसायचा.
मी आरसा खिळ्यावरून उतरवला,
दोन्ही हातांनी उंच धरला.
तो बघत राहिला.
किती वेळ, ते माझ्या दंडांना विचारा.

पैसे मोजून निघाला.
चौकटीपाशी थबकला,
आणि गुडघ्यांत वाकून बाहेर पडला,
मान तशीच ताठ,
डोक्यावर भरलेली घागर असावी तसा.

गल्लीत काठाची सावली
त्याच्या दोन्ही खांद्यांना पुरली.

मावशी अजून स्टुलावरच.
म्हणाली, "बघतेस काय? उतरव मला."