पाटीचे तुकडे

सोमवारी गड बंद असतो.
फाटकावर तसं लिहिलं होतं,
खाली कुणी पोरानं काढलेलं रडकं तोंड.
पाऊण तास चढून आलो होतो.
मग तटाला पाठ लावून नदीच पाहिली.
मोझेल. सरळ जायची अजिबात घाई नाही तिला,
गाव मागे टाकते,
आणि काहीतरी विसरल्यासारखी
त्याच गावाच्या पाठीमागून परत येते.

उतरताना द्राक्षमळे लागले.
मळे कसले, उभी भिंतच,
वेली नुसत्या टेकवून ठेवलेल्या.
माती जवळजवळ नाहीच. पायाखाली पाटीचे काळे तुकडे,
दिवसभर ऊन साठवून
रात्री वेलींच्या मुळाशी सोडणारे.
एक उचलला, थुंकी लावून बोटानं पुसला.
पहिलीतला वास आला. खिशात टाकला.

तोडणी चालू होती.
एका रुळावरून क्रेट वर नेणारं यंत्र
दात कोरल्यासारखं किरकिरत होतं.
रुमेनियाचा डोरिन, एक पाय वर, एक पाय फार खाली,
कात्री न थांबवता म्हणाला,
"सात हंगाम झाले. गडावर गेलो नाही.
सुट्टी रविवारची, आणि रविवारी मी झोपतो."
एक घोस फेकला माझ्याकडे.
झेलता आला नाही. तो हसला नाही,
दुसरा फेकला.

मी उतरलो होतो रोसविटाबाईंकडे.
तळघराच्या दारावर छिन्नीनं खोदलेल्या रेघा,
रेघेपाशी वर्ष. एक गुडघ्याशी, एक खांद्याशी,
१९९३ची माझ्या डोक्यावर वीतभर.
"नाताळात आलेलं पाणी," त्या म्हणाल्या,
एखादा आगाऊ पाहुणा आठवावा तशा.
"आल्फोन्सनं रात्रभर रिकाम्या पिंपांत पाणी भरलं."
पुरात? पाणी?
"रिकामं पिंप नदी उचलून नेते.
भरलेलं असलं की तिला जड जातं."
एवढं बोलून त्यांनी माझा पेला भरला.

वाईन आधी आंबट लागली,
मग ओल्या दगडासारखी,
मग काय लागली ते शोधायला
आणखी एक प्यालो.

खिडकीतून समोरचा उतार दिसायचा,
सगळा पिवळा, सोनेरी,
मध्येच एक करडा तुकडा, काटेरी झुडपांचा.
कांद्याचा केक कापता कापता
त्यांनी सुरीनंच दाखवला: "तो आमचा."
यूट्टा हाम्बुर्गला असते, फोनवर म्हणते, विकून टाक.
"घेणार कोण? तिथं ट्रॅक्टर चढत नाही,
आणि माझे गुडघे तर त्याच्याही आधी थांबले."
वर दिवे लागले. पडका गड
नवरदेवासारखा उजळून निघाला.
त्या पडक्याला दिवे आहेत.
या पडक्याला काटे,
आणि बहुधा ससे.

शेवटच्या सकाळी हिशेब,
भिंतीवरच्या पाटीवर, खडूनं:
दोन रात्री, सहा पेले,
कांद्याचा केक धरलाच नव्हता.
मी खिशातून पैसे काढले
तर टेबलावर तो तुकडा घरंगळला.
रोसविटाबाई बघत राहिल्या,
मग खांदे हलेपर्यंत हसल्या.
"पावसात हे खाली वाहून येतात.
माझी सासू टोपलीत भरून पाठीवरून वर न्यायची,
दर वसंतात, मीही नेलेत.
तुम्ही लोक खिशातून खाली आणता."
तळहातानं त्यांनी हिशेब पुसला.
पाटीवर ओलसर ढग राहिला,
तोही वाळला.

बसला वीस मिनिटं होती.
बॅग थांब्यावर ठेवली,
उताराच्या पहिल्या पायरीपर्यंत धापा टाकत गेलो
आणि तुकडा एका वेलीपाशी ठेवला,
नीट, देवापुढे ठेवावा तसा.
वरून शिट्टी आली.
डोरिन. उन्हात डोळे बारीक केलेला,
कात्रीचं टोक आकाशाकडे करून सांगत होता:
तिथं नाही.
आणखी वर.