माहितीपत्रक : तिसरी आवृत्ती

दौंड साहेब म्हणाले, एकच पान करा,
पाठपोट नको, प्रिंटरचा ड्रम गेलाय.
सोमवारी नवे पाहुणे ओझरला उतरतायत.
म्हणून गेल्या वर्षीचं पान काढलं,
कडेला अजून पेन्सिल आहे त्यावर.

वीज : दोनशे तीस व्होल्ट, तुमच्याकडे असते तीच.
प्लगची भोकं मात्र आमची.
अंबडला सुटी शनिवारी, रविवारी कामावर यायचं.
बँकेचं काम पहिल्या-तिसऱ्या शनिवारी उरका.
रुग्णवाहिका एकशे आठ, बाकी सगळ्याला एकशे बारा.
चलन : रुपया. नोटा इथेच छापतात, नाशिकरोडला,
तरी पाचशेचे सुटे कोणाकडे नसतात.
(हे वाक्य साहेबांनी दोनदा खोडलं. मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.)

पत्त्यात डावं-उजवं शोधू नका.
'पूर्वी टॉकीज होतं ना, तिथून आत.'
टॉकीज पाडून वीस वर्षं झाली,
पत्ता शाबूत आहे.
नकाशात गोदावरी, माणसं म्हणतील गंगा.
दुरुस्त करू नका.

घर : करार अकरा महिन्यांचा.
परदेशी भाडेकरूचा सी फॉर्म चोवीस तासांत.
तिदमे काकूंनी तो भरताना विचारलं
आईचं नाव, लग्न, पगार, लसूण चालतो का, थंडी वाजते का.
फॉर्ममध्ये यातल्या कशालाच रकाना नव्हता.
काकूंनी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

ते पाहुणे तम्पेरेचे. फिनलंड.
घड्याळ आमच्या मागे साडेतीन तास,
त्यांच्या उन्हाळ्यात अडीच.
पासपोर्टवरचं नाव वाचून गेटवरच्या सानपांनी
रजिस्टरात लिहिलं : जारी.
एखाद्या परिपत्रकासारखं.
पाहुणे म्हणाले, यारी. आमच्यात जे म्हणजे य.
सानपांनी एकदा रजिस्टरकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे,
आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

पेन्सिलीतली पहिली नोंद :
'बघू' याचा अर्थ 'नाही' असा द्यावा.
महिन्याभराने त्याच्याखाली :
नेहमीच नाही.
मिसळीच्या ओळीशी :
'तिखट' मोजायला एकक हवं.

मग ऑगस्ट. धरणातून पाणी सोडलं.
आमच्या पानावर आपत्ती कक्षाचा नंबर होता,
तो दुपारपर्यंत व्यस्त.
यारींचं काम दाबमापकं तपासायचं,
आकडा दिसल्याशिवाय माणूस पाणीसुद्धा पिणार नाही.
लतीफ कोकणींनी रिक्षा मध्येच वळवली
आणि त्यांना घाटाच्या वरच्या पायरीवर उभं केलं.
खाली दुतोंड्या मारुती. पाणी कमरेला.
सराफ बाजारातला एकही माणूस मोबाइल बघत नव्हता,
मारुतीकडे बघत होते,
आणि काट्यासकट माल माळ्यावर चढवत होते.
यारींनी विचारलं, कॅलिब्रेशन कोणी केलं?
लतीफभाई म्हणाले, आमच्या आजोबांनी.
गळ्यापर्यंत पाहिलंय त्यांनी.

त्या दिवसाची नोंद ओली होऊन फिकट झाली आहे,
पण वाचता येते :
उपकरण विश्वसनीय.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक गेलेल्या.
पानात समाविष्ट करावं.

केलं आहे. नंबराच्या वर.

चौदावा मुद्दा पहिल्या आवृत्तीपासून तोच :
निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.
जानेवारीत बॅगेचं चाक गेटच्या जाळीत अडकलं,
ते सोडवताना यारींनी सगळ्यांना सांगितलं, येतो.
काकूंना, लतीफभाईंना, कॅन्टीनच्या पोरांना,
आणि, काय वाटलं कोण जाणे, बंद पडलेल्या प्रिंटरलासुद्धा.
सानपांनी 'बाहेर गेल्याची वेळ' हा रकाना
कोराच ठेवला.

मार्चच्या ऑडिटमध्ये त्यावर शेरा आला :
एक परदेशी नागरिक अद्याप आवारात दिसतो,
नोंद कधी पूर्ण करणार?

मी उत्तरात लिहिलं :
बघू.