दोन तोंडांची पाटी

निपाणीच्या अलीकडे, जुन्या रस्त्यावर,
जिथून आता उसाचे ट्रॅक्टर जातात
आणि वाट चुकलेले,
दस्तगीरच्या पंक्चर-दुकानामागे
शेळ्यांवर छप्पर म्हणून पडलीय
माझ्या बापाची पाटी.

आठ बाय चार पत्रा, दोन्हीकडून रंगवलेला.
कोल्हापूरकडून येणाऱ्याला दिसायचं:
‘या, बसा. गरम गिरमिट, कडक चहा.’
धारवाडकडून येणाऱ्याला कानडीत तेच.
फक्त ‘बन्नी’ नको, ‘बर्री’ लिही,
असं हॉटेलवाला शिवलिंगप्पा अडून बसला;
गिऱ्हाईक काय पुस्तकातून येतंय होय?

बाप दोन्ही लिप्या एकाच ब्रशानं लिहायचा.
मराठीला वर रेघ मारायची,
कानडीला वेलांट्या सैल सोडायच्या, म्हणायचा,
दावं सुटल्या वासरागत.
मी शिडी धरायचो.
एकदाच चुकला: कानडी बाजूचा बाण
उलटा निघाला, आणि आठवडाभर
हुबळीचे ट्रकवाले चहा शोधत
तंबाखूच्या शेतात शिरले.

मग एका वर्षी कुणीतरी रात्रीतून
मराठी बाजूला डांबर फासलं.
पुढच्या वर्षी कानडी बाजूला.
बाप दोन्ही वेळा हात धुऊन
पुन्हा डबा उघडून बसला.
तिसऱ्यांदा दोन्ही बाजू काळ्या झाल्या,
आणि तोवर चौपदरी झाली.
रस्ता वरून गेला.
खाली वाचायला कुणी उरलं नाही,
डांबर फासायलासुद्धा.

परवा बंगळुरूचा एक पोरगा आला,
जीपमधून, विंटेज विंटेज करत.
कॅफेच्या भिंतीला हवी म्हणाला, सहा हजार.
दस्तगीरनं मला बोलावलं:
‘तुझ्या बाची हाय, तूच सांग.’

चिंधीला रॉकेल लावून मी एक कोपरा घासला.
डांबराखालून लाल वर आला,
ओलाच वाटावा असा.
पत्रा उचलून खालची बाजू घासली:
बाणाच्या पिवळ्याखाली
तो जुना उलटा बाण, अजून शेताकडे बोट करून.

मी पोराला विचारलं,
भिंतीकडे कुठली बाजू करणार?
तो हसला. त्यानं तो विचारच केला नव्हता.

दस्तगीर म्हणाला, ‘आणि शेळ्यांचं?’

त्यांतली एक मागच्या पायांवर उभी राहून
‘र्री’ चाटत होती.