एका किलोमागे

दिल्लीच्या घेणाऱ्यानं तक्ता पाठवलाय:
एका किलो मधामागे किती जाळलं, ते भरा.
मी बसलेय बेहट रस्त्यावरच्या शेडमध्ये,
शालीवर शाल, टेबलाखाली गजकचा डबा,
आणि भरतेय.

डिझेल: मुरारहून मुझफ्फरपूर, लिचीच्या मोहरावर,
दोनशे ऐंशी पेट्या, एक खेप.
बलवीर म्हणतो, वहिनी, गाडी थांबवून चालत नाही,
थांबली की आत उकडतं, माश्या जाळीला चिकटतात.
गेल्या साली इटाव्याला तीन तास अडकलो,
पाणी मारलं पेट्यांवर, माझ्या प्यायच्या कॅनमधलं.
ते पाणी कुठे लिहू?
तक्त्यात पाणी आहे, पण बाटल्या धुण्याचं.

वीज: मध फार तापला की मरतो,
कमी तापला तर गाळणीतून उतरत नाही.
मोहरीचा तर दोन आठवड्यांत तुपासारखा थिजतो,
पुन्हा वितळवायचा, कारण गिऱ्हाईक म्हणतं,
साखर घातलीत.
या संशयाला
पिंपामागे अकरा युनिट.

घातली होती साखर, खोटं कशाला बोलू.
मधात नाही, माश्यांच्या पोटात.
भर पावसाळ्यात शेतात फूल नसतं,
तेव्हा रामहेत पाक करून ठेवतो पेटीत,
पोतं कोपरगावचं.
आजोबांनी सोडलेला मुलूख
असा पोत्यांतून येतो आमच्याकडे,
आणि मी त्याचेही किलोमीटर लिहिते.

काच फिरोजाबादची. झाकणं, पुठ्ठा, डिंक.
सगळं मिळून एक आकडा येतो,
लाजावं की मिरवावं, कळेना असा.

सांजेला ट्यूबलाइटवर टक टक.
एक माशी.
पेट्या तर काल रात्रीच लादल्या,
ही बाहेर राहिली असणार
मोहरीतच कुठेतरी, थंडीनं आखडून.
रामहेतला फोन लावला: अशा किती राहतात?
ट्रकच्या आवाजातून म्हणाला,
राहतात, वहिनी. अंधारात कोण हाका मारणार.

मी दिवा मालवला.
खिडकीत अजून थोडा पिवळा उजेड होता.
ती तिकडे वळली, दोनदा काचेला थडकली,
मग फटीतून बाहेर,
सरळ मागच्या बांधावर,
जिथे विटांच्या जोड्या अजून ओळीनं मांडलेल्या होत्या
आणि त्यांच्यामधलं गवत पांढरं पडलं होतं.

दिवा मी लगेच लावला नाही.