कसाय

धणे आधी. दोन मुठी, माझ्या मुठीनं.
उल्हासच्या मुठीनं घेतले तर पुढचा महिनाभर
घराला नुसता धण्यांचा वास.
बिडाच्या तव्यात, मंद आचेवर,
तडतडायच्या जरा आधी उतरवायचे.
हे ‘जरा आधी’ मला कुणी लिहून दिलं नाही.
दोनदा जळाले, मग आलं.

मग जिरं, मग बडीशेप.
मेथी चिमटीतून चुकून सांडेल तेवढीच,
तिला बोलू दिलं की ती थांबत नाही.
मिरी. वेलची, सालासकट.
आणि सुंठ, जी बत्त्याखालून पळते;
काल रात्री एक तुकडा फ्रिजखाली गेला,
अजून तिथंच आहे.

सावईवेऱ्यात थंडी आभाळातून पडत नाही.
ती कुळागरातून चालत येते,
पाटाच्या पाण्यावरून, पोफळींच्या पायांतून,
ओल्या झावळ्यांचा वास अंगावर घेऊन.
माझी पुण्याची नणंद हसते, म्हणते, गोव्यात कसली गं थंडी?
तिनं उल्हासला पहाटे साडेचारला
बसची चावी शोधताना पाहिलेलं नाही.
कानांवर मफलर,
पायांत चपला.
वस्तीची बस त्याची. फोंड्याला पोचेपर्यंत
धुक्यात हॉर्न आणि थर्मास, दोनच सोबती.

गडग्यापलीकडे कायतान खोकतो.

चार वर्षं झाली. गडगा अर्धा हात
आमच्याकडे सरकला, असं मी म्हणते.
तुमच्याच पोफळीच्या मुळांनी ढकलला, असं तो म्हणायचा.
आता काहीच म्हणत नाही.
फाईल मामलेदाराकडे आहे, तिला वाळवी लागली असेल.
पण रात्री तीन वाजता खोकला येतो तो
गडग्याच्या कुठल्या अंगाचा,
हे मामलेदारही सांगू शकणार नाही.
त्याची इस्पेरांसा मडगावला, लेकीच्या बाळंतपणाला.
घरात तो, एक मांजर,
आणि मोठ्या आवाजात लावलेल्या बातम्या.

पाणी उकळलं. दोन चमचे पूड.
माडाचा गूळ, काळा, सुरीला दाद न देणारा,
तो दगडानं फोडून.
दूध शेवटी, गॅस बंद केल्यावर,
नाहीतर फाटतं आणि सगळी पहाट वाया.
थर्मास भरला. माझा पेला भरला.
पातेल्यात तरीही उरलं.
हात चुकला असेल.
एवढी वर्षं न चुकलेला हात.

पेल्यावर बशी, मुंग्यांसाठी.
गडग्यावर ठेवला, जिथं शेवाळ कमी आहे तिथं,
बशीवर चमचा दोनदा वाजवला
आणि मागे न बघता आत आले.
आत येऊन मात्र खिडकीपाशीच उभी राहिले,
दिवा न लावता.

तो आला. स्वेटर उलटा घातलेला.
पेल्याकडे बघत राहिला,
जणू तोही मोजणीदारानं ठेवलेला दगड.
मग उभ्याउभ्याच प्याला. सगळा. मध्ये एकदा थांबून.

आठ वाजता पेला परत गडग्यावर, पालथा, धुतलेला,
आणि मी कपडे वाळत घालत असताना
पलीकडून, माझ्याकडे न बघता,
आवाज:
‘गोड चड जालें.’

आमच्याकडे गुळालाही गोड म्हणतात, चवीलाही.
त्यानं नेमकं कशाला नाव ठेवलं कळलं नाही.
चार वर्षांनी तोंड उघडलं ते हे सांगायला!
चिमटे दातांत धरून मी
त्याची चादर होती तिथंच असताना
माझी दुसरीकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी उल्हासचा फोन, फोंडा स्टँडवरून.
आज फिकं का गं?
म्हटलं, गूळ संपत आलाय.
समोर गुळाचा डबा होता,
झाकण लागत नव्हतं एवढा भरलेला.