कोमट

वीज तीनला गेली.
जनरेटर दोनदा खोकला, गप्प झाला.
मी थिवीहून स्कूटर हाकत म्हापशाला पोचेपर्यंत
यूपीएसनेही मान टाकली होती.
पतसंस्थेचा दुसरा मजला. सर्व्हरच्या खोलीत
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
मला बाहेरचे बेडूक ऐकू आले.

चारला आनाक्लेत डिझेलचा डबा घेऊन आला, लुंगीवरच.
"जालें गो, लाय आतां."
डेटाबेस उठला. लॉग वाचला, हिशेब जुळवला.
पैसाही हरवला नव्हता.
सगळं डिस्कवर, जागच्या जागी.
फक्त त्याला काही आठवत नव्हतं.

हे समजावणं कठीण.
चेअरमन फोनवर विचारतात, डेटा गेला का?
नाही.
मग?
मग काय सांगू. काल जे नाव जिभेवर होतं
त्यासाठी आज तळघरापर्यंत जिना उतरायचा,
पुन्हा चढायचा, आणि हे प्रत्येक नावासाठी.
त्यात शुक्रवार.
मयड्याची केळी विकून बायका नवाला वर येणार,
ओल्या हातांनी पासबुकं पुढे करणार.

नीट निजला असता तर निजताना यादी लिहून गेला असता.
माझ्याकडे अडीचची होती.
दर अर्ध्या तासाने मी ती लिहवून घेते,
याला इथे सगळे माझं खूळ म्हणतात.

यादीत पानं नसतात, पानांचे क्रमांक असतात.
बत्तीस जीबीचं ध्यान,
आणि त्याचे पत्ते एका ई-मेलला जोडता येतील एवढे.

आदेश दिला.
तो आधी क्रमांक ओळीने लावून घेतो.
कोणतं पान किती लाडकं होतं ते बाजूला,
पोदेर वाड्यावर फिरतो तसा:
ज्याची भूक मोठी त्याच्याकडे आधी नव्हे,
ज्याचं दार आधी लागतं त्याच्याकडे.

साडेपाच. पाच लाख चोवीस हजारांपैकी
एक्याण्णव हजार.
खाली खरोखरच भोंगा वाजला, पोंक पोंक.
आनाक्लेतने उंडो मोडला, चहात बुडवला.
"सगळेंच कित्याक बरोवन दवरिना?"
चौथाच हिस्सा लिहितो, म्हटलं. मीच ठरवलंय.
सगळं आठवत बसलं तर अकरा वाजतील.
त्याने मान हलवली. पटलं नसावं.

पावणेनऊला यादी संपली. डिस्कचा दिवा मंदावला.
मी आलेखाकडे बघत बसले, ताप उतरलेल्या पोराकडे बघावं तशी.

नऊ वीस. पिएदाद बाय.
आगबोटीवरच्या मुलाचं खातं,
शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. यादीत कुठून असणार.
काउंटरवरची उर्वी म्हणाली,
"मातशें राव हां, बाय."
दोन सेकंद. थोडं जास्तच.
कुणाला कळलं नाही. माझ्या पडद्यावर एक काटा उभा राहिला
आणि बसला.

पण एकदाच विचारलेलं
तो मनाच्या मागच्या ओट्यावर ठेवतो.
तिथून कधी पडेल सांगता येत नाही.
थोड्या वेळाने कुणी पुन्हा विचारलं तरच
उचलून आत घेतो.

पिएदाद बाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली.
छत्री चाचपली. परत फिरली.
"कितले म्हळें गो तुवें?"