एका चिंचोक्यात किती

लाइट गेली, चारही कॉम्प्युटर एकदम विझले,
तेव्हा अकरावीचा वर्ग मी व्हरांड्यात आणला.
बोरीअरबचं कॉलेज, शहाबादी फरशी,
सत्तावीस फरश्यांची एक सरळ ओळ.

प्लाझ्मा काल सांगून झाला होता:
तापून अणू फुटतो, इलेक्ट्रॉन सुटा होतो,
मग सगळे सगळ्यांना ओढतात, ढकलतात.
"सगळे सगळ्याले?" निकेश नन्नावरेनं बोटं मोजली.
"मंग तं जनम पुरत नाही, मॅडम."

म्हणून फरश्या.
कणानं कणाशी बोलायचं नाही, सांध्याशी बोलायचं.
दोन सांध्यांमध्ये पडलेला चिंचोका
जवळच्याला जास्त देतो, लांबच्याला कमी,
मधल्या वस्तीवरचे लोक किराणा इथून नेतात,
कापड दारव्ह्याहून, तसं.
सांध्यावर खडूनं बेरीज. बेरजेवरून क्षेत्र.
क्षेत्र सांगेल तितकं सरका.
पुसा. पुन्हा मोजा.

जागा पूर्ण पावलावर, वेग अर्ध्यावर,
हे लंगडी घातल्याशिवाय कोणाला कळलं नाही.

शेवटच्या फरशीपुढे पायरी, पायरीपुढे कडुनिंब.
"हा तं भाईर चालला!"
बाहेर काही नाही, मी म्हटलं,
उजवीकडून गेला की डावीकडून येतो.
करिष्मा उईकेनं तो मुठीत घेतला
आणि टाकीमागून, सायकलींमधून, इमारतीला वळसा घालून
धावत आणून पहिल्या फरशीवर ठेवला.
वेग तोच ना?
"त्याचा तोच हाय," ती धापा टाकत म्हणाली, "माह्या वाढला."

तासाभरानं निकेशनं वही पुढे केली.
"ऊर्जा वाढून राह्यली. चूल तं कोनी पेटवली नाही."
बेरीज बरोबर होती.
फरशीच मोठी पडली होती.
ज्या अंतरापलीकडे एकाला बाकीचे झाकून टाकतात
त्याहून घर मोठं झालं, की असा खोटा ताप चढतो.
एकेका फरशीचे आम्ही चार भाग केले.
गुडघे पांढरे झाले.

"एका चिंचोक्यात कितीक कण?" करिष्मा.
समज, दहा कोटी.
"अन् दहा कोटीचा येकच वेग?"
तसं मानतो आपण.
"येकबी मांगं राहत नाही?"

लाइट आली. आत पंखे फिरायला लागले.
कोणी उठलं नाही.
राहतो, मी म्हटलं. म्हणून चिंचोके कमी पडतात.
"घरी डबाभर हायेत. आनू?"

भुजाडेभाऊ झाडू घेऊन कधीचे उभे होते.
वाट काढायला त्यांनी एक चिंचोका
चपलेनं जरासा बाजूला केला,
आणि सगळा वर्ग ओरडला.